नऊ फोटो भिंतीवर, सहा लाख कपाटात

वाचकाचं पत्र, थोडक्यात: अकरा वर्षं व्यावसायिक छायाचित्रण करणारे एक वाचक लिहितात, "लग्नं, कंपन्यांचे कार्यक्रम आणि पोर्ट्रेट्स हे माझं काम. एका समारंभात दीड-दोन हजार फोटो होतात. आजवरचे सहा लाखांहून जास्त फोटो हार्ड डिस्कवर पडून आहेत, त्यांतला एकही माझ्या घराच्या भिंतीवर नाही. गेल्या वर्षी मामांनी त्यांचा जुना, पूर्ण मेकॅनिकल फिल्म कॅमेरा मला दिला. दोन रोल संपवले. बहात्तर फोटोंपैकी नऊ प्रिंट करून भिंतीवर लावले: अभ्यास करता करता झोपलेली मुलगी, आईचे हात, पावसातला रिकामा बाक, असे. तेव्हापासून डिजिटल कॅमेरा हातात घेतला की आपण नुसते बटण दाबणारे आहोत असं वाटतं. सगळं डिजिटल सामान विकून मीडियम फॉर्मॅटचा फिल्म कॅमेरा घ्यावा आणि यापुढे फक्त फिल्मवर काम करावं, असं मनात पक्कं होत चाललंय. व्यवसायाचे हिशेब बायको बघते, ती काळजीत आहे. माझा तरुण सहकारी म्हणतो, ही जुन्याची हौस आहे. मला मात्र वाटतं, फिल्म हीच खरी फोटोग्राफी. माझं काही चुकतंय का?"

नमस्कार,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्या वाचनात मनात राहिला तो सहा लाखांचा आकडा. दुसऱ्या वाचनात मी नऊपाशी थांबले. बहात्तरात नऊ म्हणजे दर आठ फोटोंत एक भिंतीवर लावण्याजोगा. अकरा वर्षं रोज कॅमेरा हाताळलेल्या माणसालाच हे जमतं. मामांच्या कॅमेऱ्यावर ते नऊ फोटो ज्या नजरेने टिपले, ती नजर डिजिटल कॅमेऱ्यावरच तयार झाली आहे. एवढं आधी मान्य करूया, म्हणजे पुढचं बोलताना तुमची अकरा वर्षं पाण्यात गेली असा सूर लागणार नाही.

आता त्या नऊ फोटोंकडे पुन्हा बघा. झोपलेली मुलगी, आईचे हात, रिकामा बाक. यांतला एकही फोटो कुणी सांगितलेला नव्हता. कुणाला तो अमुक तारखेपर्यंत हवा नव्हता आणि त्यात घरातले सगळे आले की नाहीत हे कुणी तपासणार नव्हतं. सहा लाख फोटो तुम्ही दुसऱ्यांच्या गरजेसाठी काढले, हे बहात्तर स्वतःसाठी. म्हणजे एकाच वेळी दोन गोष्टी बदलल्या: कॅमेरा बदलला आणि फोटो कुणासाठी काढायचा हेही बदललं. फरक पडला, पण तो यांपैकी कशामुळे पडला हे या दोन रोलांवरून सांगता येत नाही. तुम्ही मात्र सगळं श्रेय फिल्मला देऊन मोकळे झालात. श्रेयाचं असं वाटप करून सामान विकायला काढणं मला धोक्याचं वाटतं.

"फिल्म हीच खरी फोटोग्राफी" या वाक्याबद्दलही थोडं बोलायला हवं, कारण ते मी बऱ्याच जणांकडून ऐकते आणि त्यात सचोटीची एक ओढ असते. ती ओढ मला समजते. निगेटिव्ह हातात धरता येते, उजेडासमोर धरली की त्या दिवसाचा प्रकाश जिथे पडला तिथेच चांदी होऊन बसलेला दिसतो. कृष्णधवल फिल्मवर जिलेटिनच्या थरात चांदीच्या क्षारांचे बारीक स्फटिक असतात. प्रकाश लागलेल्या स्फटिकांचं डेव्हलपर या द्रावणात काळ्या चांदीत रूपांतर होतं, आणि न लागलेले हायपो या रसायनात विरघळून जातात. हायपोचा हा गुण इंग्रज शास्त्रज्ञ जॉन हर्शेल यांनी १८१९ मध्ये, फोटोग्राफी जगासमोर येण्याच्या वीस वर्षं आधी, नोंदवला होता. डिजिटल सेन्सरमध्ये तोच प्रकाश सिलिकॉनवर पडून विद्युतभार तयार करतो. दोन्हीकडे सुरुवात प्रकाशाच्या खऱ्या आघातानेच होते.

आणि त्यापुढे दोन्हीकडे माणसाने घेतलेले निर्णय असतात. बहुतेक डिजिटल सेन्सरवर कोडॅकचे संशोधक ब्राइस बायर यांनी शोधलेली रंगजाळी असते. तिच्यामुळे प्रत्येक पिक्सेल लाल, हिरवा किंवा निळा यांपैकी एकच रंग मोजतो, उरलेले दोन शेजाऱ्यांवरून गणिताने काढले जातात. हे ऐकून "बघा, डिजिटल बनावट!" म्हणायचा मोह होईल. पण रंगीत फिल्मचे रंगही रसायनशास्त्रज्ञांनी ठरवलेलेच असतात. १९९० मध्ये आलेली वेल्व्हिया ही रंगीत फिल्म हिरवे-लाल रंग इतके गडद देते की निसर्गदृश्यं काढणारे तिच्या प्रेमात पडले, आणि त्याच फिल्मवर माणसांचे चेहरे लालसर होतात. पोर्ट्रा ही फिल्म त्वचेसाठी बनवली, ती मऊ. मग कोणती फिल्म खरी? एकोणिसाव्या शतकातल्या स्टुडिओंमध्ये पेन्सिलीने निगेटिव्हवरच्या सुरकुत्या पुसत होते. अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स हे अमेरिकी निसर्गछायाचित्रकार तासन् तास डार्करूममध्ये प्रिंटचा एक कोपरा काळा आणि दुसरा उजळ करत बसायचे. फोटोचा प्रामाणिकपणा तो काढणाऱ्याच्या हातात असतो, माध्यमाकडे सोपवता येत नाही. शिवाय तुमचे ते नऊ फोटो स्कॅन करून छापले असतील, तर भिंतीवर जे आहे ते फिल्म आणि डिजिटल दोन्हीचं मिळून झालेलं आहे. त्याने त्यांची गोडी कमी होते का? मला तरी नाही वाटत.

दुसरा समज म्हणजे फिल्म माणसाला थांबायला शिकवते. छत्तीसच फोटो आहेत म्हटल्यावर हात आवरतो, हे पुष्कळदा खरं आहे. पण हा गुण फिल्मच्या डबीत भरून येत नाही. गॅरी विनोग्रँड हे अमेरिकी छायाचित्रकार १९८४ मध्ये गेले तेव्हा त्यांच्यामागे सुमारे २,५०० रोल न धुतलेले राहिले होते. छत्तीसने गुणा, नव्वद हजार होतात. काढले आणि पाहिलेच नाहीत. मुलं सांभाळण्याचं काम करणाऱ्या व्हिव्हियन मायर यांचा फोटोंचा खजिना २००७ मध्ये लिलावातून बाहेर आला, त्यातही कित्येक रोल न धुतलेले होते. दोघंही थोर होते आणि दोघंही फिल्मवरच काम करत होते. साठत जाणं आणि न बघितलं जाणं हे दुखणं डिजिटलने आणलेलं नाही. डिजिटलने ते फक्त सगळ्यांच्या आवाक्यात आणून ठेवलं.

माझ्या मते तुमचं खरं दुखणं इथेच आहे. तुम्हाला जे हरवल्यासारखं वाटतं ते फोटो काढतानाच्या क्षणात नसून फोटो काढल्यानंतरच्या तासांत आहे. समारंभ संपतो, कार्ड रिकामं होतं, सॉफ्टवेअरमध्ये झपाट्याने निवड होते, एकसारखा रंग चढतो, फाइली ग्राहकाकडे जातात आणि हार्ड डिस्क कपाटात. तुम्ही स्वतः, ग्राहकाचे डोळे बाजूला ठेवून, त्या फोटोंसमोर बसता कधी? फिल्मने तुम्हाला बसायला लावलं. रोल धुऊन येईपर्यंत वाट पाहावी लागली, आलेल्या पट्ट्या उजेडात धराव्या लागल्या, कोणता छापायचा हे ठरवावं लागलं.

डार्करूममध्ये कॉन्टॅक्ट शीट पहिल्यांदा पाहिली तो दिवस मला लख्ख आठवतो. सहा-सहा फोटोंच्या सहा पट्ट्या कागदावर थेट ठेवून काढलेला तो छाप. फोटो टपाल तिकिटापेक्षा जरासे मोठे. ज्यांच्याकडे शिकत होते त्यांनी डोळ्याला भिंग लावलं, लाल पेन्सिल हातात घेतली आणि बराच वेळ काहीच बोलले नाहीत. मग अकरा ते चौदा या चार फोटोंभोवती चौकट केली आणि विचारलं, "इथे तू जवळ जात होतीस. पंधराव्याला मागे का फिरलीस?" पंधरावा फोटो ठीकठाक होता. पण चौदानंतर मी एक पाऊल पुढे टाकायला घाबरले होते, हे त्या पट्टीवर स्पष्ट लिहिलेलं होतं. फसलेले फोटो क्रमाने शेजारी शेजारी पाहिल्याशिवाय ते मला कधी कळलं नसतं. डिजिटलमध्ये आपण फसलेले फोटो जागच्या जागी उडवतो, आणि त्यांच्याबरोबर हा क्रमही जातो.

म्हणून विकण्याआधी एक महिना असा घालवा. तुमच्याच डिजिटल कॅमेऱ्यावर एक लेन्स लावा, पन्नास मिलिमीटरची किंवा पस्तीसची. फोटो काढल्यावर स्क्रीनवर तो आपोआप दिसतो ती सोय बंद करा. एका आठवड्यात छत्तीस फोटो, त्याहून एकही जास्त नाही, आणि एकही पुसायचा नाही. विषय घरचेच: मुलगी, आई, गल्ली, पाऊस. आठवडा संपला की कार्ड काढून ठेवून द्या आणि पुढचा आठवडाभर त्याला हात लावू नका. मग ते छत्तीस फोटो एकाच मोठ्या कागदावर ओळीने छापून घ्या आणि लाल पेन्सिल घेऊन बसा. ठेवून दिलेला हा मधला आठवडा फार महत्त्वाचा आहे, तो गाळू नका. फोटो काढताना आपण काय पाहिलं होतं ते तेवढ्यात विसरायला होतं, आणि फोटोत प्रत्यक्ष काय आलंय ते दिसू लागतं.

दुसऱ्या महिन्यात तेच विषय, तीच शिस्त, मामांच्या कॅमेऱ्यावर. शेवटी दोन्हींतले दहा-दहा फोटो एकाच आकारात छापून टेबलावर पसरा आणि बायकोला बोलवा. पहिल्या महिन्यातल्या फोटोंनीही तुमचं समाधान झालं, तर तुम्हाला वेळ आणि मोकळीक हवी होती. ती कॅमेरा न बदलताही मिळते. आणि तरीही हात सारखा मामांच्या कॅमेऱ्याकडे जात असेल, त्या ग्रेनची (फोटोतल्या दाणेदारपणाची), वाइंड करण्याच्या लिव्हरच्या आवाजाची, ओल्या निगेटिव्हची ओढ लागत असेल, तर ती खरी ओढ आहे. मग तिला "हौस" म्हणून कुणी कमी लेखलं तरी मनाला लावून घेऊ नका. हाताने काही घडवण्याचा आनंद हे फिल्मवर काम करण्याचं पुरेसं कारण आहे. त्यासाठी डिजिटलला खोटं ठरवण्याची गरज नाही.

फिल्मवर जायचं ठरलंच तर काही गोष्टी आधी सांगून ठेवते, कारण डिजिटलच्या सवयी तिथे उलट्या पडतात.

सगळ्यात मोठी गोष्ट एक्स्पोजरची, म्हणजे फोटोला किती प्रकाश द्यायचा त्याची. डिजिटलवर हायलाइट, म्हणजे फोटोतले सगळ्यात उजळ भाग, एकदा उडाले की परत येत नाहीत, म्हणून तुमचा हात नकळत थोडं कमी एक्स्पोजर देत असणार, सावल्या नंतर उचलता येतात हे माहीत असल्यामुळे. निगेटिव्ह फिल्म याच्या नेमकी उलट वागते. जास्त प्रकाश ती पुष्कळ सहन करते, पण सावलीत प्रकाश पुरेसा पोचला नाही तर तिथे काही नोंदलंच जात नाही. मग स्कॅन करताना कितीही उजळवा, चिखलासारखा करडा रंग हाती येतो. म्हणून निगेटिव्हवर सावलीकडे पाहून एक्स्पोजर ठरवा, शंका आली तर अर्धा ते एक स्टॉप जास्त द्या (एक स्टॉप म्हणजे दुप्पट प्रकाश). स्लाइड फिल्मला (जिच्यावर थेट पॉझिटिव्ह चित्र येतं) हा नियम लावू नका, ती डिजिटलसारखीच हायलाइटला हळवी असते. लाइटमीटर नसेल तर कडक उन्हात अ‍ॅपर्चर १६ आणि शटरचा वेग फिल्मच्या आयएसओइतका (फिल्म प्रकाशाला किती संवेदनशील आहे त्याचा आकडा), म्हणजे ४०० च्या फिल्मला सेकंदाचा ४०० वा भाग किंवा त्याच्या जवळचा, हा जुना नियम आजही चोख चालतो.

दुसरं, जुना कॅमेरा आधी तपासून घ्या. मागच्या झाकणाच्या खाचेत काळा फोम असतो, तो वर्षानुवर्षांनी चिकट होऊन झडतो आणि प्रकाश आत शिरतो. शटरचे संथ वेग अडकत असतील तर कॅमेरा साफ करून तेलपाणी करून घ्यावा लागतो. जुन्या मीटरमध्ये पाऱ्याचे १.३५ व्होल्टचे सेल लागत, ते आता बनत नाहीत. त्या जागी १.५ व्होल्टचा सेल घातला तर काही कॅमेऱ्यांचा मीटर चुकीचं सांगतो.

आणि रोल घातल्यावर एक सवय लावून घ्या. पहिले दोन फोटो वाइंड करताना डावीकडची रिवाइंडची कळ फिरते आहे का ते पाहा. ती फिरली तरच फिल्म पुढे सरकते आहे. हे मी किंमत मोजून शिकले. बहिणीच्या पदवीदानाच्या दिवशी मी सकाळपासून फोटो काढत होते. काउंटर छत्तीसच्या पुढे गेला तरी लिव्हर अडेना, तेव्हा छातीत धस्स झालं. फिल्मचं टोक स्पूलमध्ये धरलंच गेलं नव्हतं. कॅमेऱ्याने दिवसभर आवाज केला, आकडे मोजले, आणि आत रोल जागचा हलला नव्हता. बहिणीने एका शब्दाने बोल लावला नाही. त्या दिवसाचा माझ्या हातचा एकही फोटो तिच्याकडे नाही, आणि मला ते आजही लागतं.

हा प्रसंग सांगण्यामागे कारण आहे. दुसऱ्याच्या आयुष्यात एकदाच येणारा दिवस फक्त फिल्मवर घेण्याची जबाबदारी तुम्ही इतक्यात उचलू नये असं माझं स्पष्ट मत आहे. तुमच्या आधीच्या पिढ्यांनी ती उचलली, पण त्यांच्याजवळ दोन-तीन कॅमेरे, रोजचा सराव आणि पाठीशी भरवशाची लॅब असायची. तुम्ही डिजिटलवर काम पूर्ण करा आणि ग्राहकाला आधी सांगून शेवटी एक रोल फिल्मचा काढा, कराराबाहेरचा, भेट म्हणून. वर्षभर असं केल्यावर कोण फिल्मसाठीच तुमच्याकडे येतं ते दिसेल, आणि व्यवसाय कुठे वळवायचा ते त्यावरून ठरवता येईल.

मीडियम फॉर्मॅटचं आकर्षण मला कळतं. ६×६ सेंटिमीटरची निगेटिव्ह पस्तीस मिलिमीटरच्या निगेटिव्हच्या साडेतीन पटींहून मोठी असते, प्रिंटमध्ये छटा अलगद उतरत जातात. पण मीडियम फॉर्मॅटच्या १२० नावाच्या रोलवर या आकाराचे बाराच फोटो बसतात, ६×७ असेल तर दहा. एका क्लिकला किती खर्च येतो हे रोल, धुलाई आणि स्कॅन यांची बेरीज करून, बारानेही भागून आणि छत्तीसनेही भागून, कागदावर मांडा. तो कागद बायकोसमोर ठेवा. तिची काळजी तुमच्या कलेच्या विरोधात आहे असं पत्रातून कुठेतरी डोकावतं, ते मला पटलं नाही. महिन्याचा हिशेब जी सांभाळते तिला आकडे दिसले पाहिजेत. आकडे न दाखवता "मला समजून घे" म्हणणं तिच्यावर अन्याय आहे.

फिल्मवर सर्वस्वी अवलंबून राहायचं असेल तर एक जोखीम ध्यानात घ्या: फिल्म बनवणारा आणि धुणारा कुणीतरी दुसराच असतो. कोडाक्रोम ही रंगीत स्लाइड फिल्म १९३५ पासून चालली. २००९ मध्ये तिचं उत्पादन थांबलं, आणि २०१० च्या अखेरीस ती धुणारी शेवटची लॅबही थांबली. तिची प्रक्रिया इतकी गुंतागुंतीची होती की घरी करणं सामान्य माणसाला शक्यच नव्हतं. ज्यांच्याजवळ न धुतलेले रोल राहिले, त्यांचे रंग कायमचे गेले. तरी फिल्म संपली असं कुणी म्हणालं तर तेही खरं मानू नका. २०२४ मध्ये पेंटॅक्सने नवा कोरा फिल्म कॅमेरा बाजारात आणला, अर्ध्या चौकटीचा, एका रोलवर बहात्तर फोटो देणारा.

या जोखमीवरचा उपाय म्हणजे कृष्णधवल रोल घरी धुवायला शिकणं. अंधाऱ्या पिशवीत हात घालून रोल रिळावर चढवायचा असतो. डोळ्यांचा काही उपयोग नसतो, बोटांनाच कड शोधावी लागते. आधी एक वाया घालवायचा रोल घेऊन उजेडात पाचदा, डोळे मिटून पाचदा, मग पिशवीत असा सराव करा. बोटांना घाम आला तर फिल्म चिकटते, तेव्हा ओढू नका. थांबा, हात पिशवीत तसेच ठेवून श्वास घ्या. डेव्हलपर वीस अंश सेल्सिअसला, ठरलेल्या वेळेत आणि दर मिनिटाला सारखीच हालवणूक करून वापरायचा. मग स्टॉप बाथ (डेव्हलपरचं काम थांबवणारं द्रावण), मग हायपो, मग भरपूर पाणी. रंगीत निगेटिव्हला सुमारे अडतीस अंश लागतात आणि तिथे अर्ध्या अंशाची चूकही रंगात दिसते, तेव्हा ते सुरुवातीला लॅबकडेच असू द्या. हातमोजे घाला, खिडकी उघडी ठेवा. वापरलेल्या हायपोत चांदी असते, तो मोरीत ओतू नका. जवळची लॅब चांदी परत काढत असेल तर तिच्याकडे द्या.

पहिल्यांदा टाकीचं झाकण उघडून ओली पट्टी उलगडाल तेव्हा तुम्ही केलेल्या प्रत्येक गोष्टीचा अर्थ हातात येईल. तो आनंद मी शब्दांत सांगायचा प्रयत्न करणार नाही.

तुमच्यासारखीच, पण थोड्या वेगळ्या जागी उभी असलेली माणसं हे सदर वाचत असतील, त्यांच्यासाठीही दोन शब्द. नुकतीच सुरुवात करणाऱ्यांना "फिल्मवरच शिका" असा सल्ला सर्रास दिला जातो. मी तो देत नाही. डिजिटलवर चूक लगेच कळते आणि प्रत्येक फोटोचा वेग, अ‍ॅपर्चर, आयएसओ फाइलमध्ये नोंदलेले असतात. फिल्मवर चूक कळेपर्यंत आपण काय केलं होतं तेच आठवत नाही. तरी फिल्मवरच शिकायचं असेल तर छोटी वही जवळ ठेवा आणि फोटोच्या क्रमांकासह सगळं लिहा. वही न लिहिता काढलेले दहा रोल आणि वही लिहून काढलेला एक, यांत शिकवतो तो एकच. विमानाने जाणाऱ्यांनी रोल हातातल्या सामानात ठेवावेत. आणि तपासणीला नवी सीटी स्कॅनची यंत्रं असतील तर रोल हाताने तपासा अशी नम्र विनंती करावी, कारण त्या किरणांनी न धुतलेली फिल्म धुरकट होते. आणि जे आजही फक्त फिल्मवर काम करतात, ज्यांना घरचे "आता तरी बदल" म्हणतात, त्यांना मी एवढंच विचारेन: काम होतंय का, आणि करावंसं वाटतंय का? दोन्हीचं उत्तर हो असेल तर बदलू नका.

टिकण्याबद्दल बरेच जण विचारतात. नीट धुतलेली कृष्णधवल निगेटिव्ह थंड, कोरड्या जागी पिढ्यान् पिढ्या टिकते. रंगीत निगेटिव्हमधले रंग मात्र हळूहळू उडतात, आणि जुन्या अ‍ॅसिटेट फिल्मला दमट हवेत व्हिनेगरसारखा वास येऊन ती आक्रसते. डिजिटल फाइल वर्षानुवर्षं जशीच्या तशी राहते, पण हार्ड डिस्क एके दिवशी न सांगता बंद पडते. म्हणून तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यांतली एक घराबाहेर. तुमचे सहा लाख फोटो एकाच डिस्कवर असतील तर हे पत्र बाजूला ठेवून आधी ते काम करा.

त्या सहा लाखांबद्दल अजून एक विनंती आहे. सामान विकायला काढण्याआधी तुमच्या अगदी पहिल्या वर्षाची डिस्क उघडा. ग्राहकाला दिलेले फोटो सोडून द्या, न दिलेले बघा: दोन विधींच्या मधले, कुणी बघत नाही असं वाटून टेकलेल्या माणसाचे, लेन्स चाचणी करताना सहज निघालेले. आठवड्याला एक संध्याकाळ द्या, वर्षामागे दहा निवडा. अकरा वर्षांत एकशे दहा होतील. भिंत भरायला तेवढे लागणारही नाहीत. त्यांत एकही तुमचा वाटणारा निघाला नाही, तर मला पुन्हा लिहा. मग विकण्याबद्दल आपण गंभीरपणे बोलू.

पत्रातली एक गोष्ट मात्र मला शेवटपर्यंत टोचत राहिली. मामांनी कॅमेरा दिला असं तुम्ही लिहिलंत. त्या कॅमेऱ्याने मामांनी काय काढलं होतं, याबद्दल एक ओळ नाही. त्यांनी वर्षानुवर्षं रोल काढले असणार. निगेटिव्ह कुठल्यातरी पाकिटात, डब्यात, माळ्यावर असतील. या रविवारी त्यांच्याकडे जा, कॅमेरा बरोबर न्या आणि त्यांना विचारा. पट्ट्या सापडल्या तर कडांना धरा, बोटं फिल्मच्या मध्यावर टेकवू नका, आणि खिडकीपाशी त्यांच्या शेजारी बसून एक एक उजेडात धरा. कोणत्या फोटोत कोण आहे हे आज फक्त त्यांनाच सांगता येईल, तेव्हा वही जवळ ठेवा.